चाकावरचं बिऱ्हाड : निघायच्या आधी हब उघडा



दसरा झाला की आमच्या भीमाकाठच्या रस्त्यांवर टोळ्या दिसायला लागतात. पाटोदा, आष्टी, पाथर्डी, शिरूर कासार या भागातून माणसं येतात. आमचं शिरूर घोडनदीचं, त्यांचं शिरूर कासारचं. नाव एकच, पण इकडं ऊस आणि तिकडं कोयता. कोणी नगर-सुपा करत घोडनदीला उतरतं, कोणी जामखेड, श्रीगोंदा, काष्टी करत दौंडला येतं. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. त्यात पत्रा, बांबू, ताडपत्री, पिठाचे डबे, बाजरीची पोती, चूल, एखादी शेळी, डालग्यात कोंबड्या आणि या सगळ्यावर बायापोरं बसलेली. पुढचे पाच-सहा महिने हेच त्यांचं घर.

नातू मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दाखवतो. लोक घरदार विकून गाडीत राहतात, गाडीतच स्वयंपाक, गाडीतच झोप. आपल्या सरकारनं पण २०२१ ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगलं आहे. पण चाकावरचं बिऱ्हाड आपल्याला नवीन नाही. ७२ च्या दुष्काळानंतर तर ते फारच वाढलं. फरक एवढाच की ते हौसेनं निघतात, आणि हे उचल फेडायला निघतात. गाडी बिघडली की मात्र दोघांचं दुखणं एकच. नुसती गाडी उभी राहत नाही, घरच रस्त्यावर येतं.

आज लिहायचं कारण म्हणजे आमच्या विहिरीजवळच्या पडीक तुकड्यात दरवर्षी टोळी उतरते. मागच्या हंगामात आलेला वाहनमालक नवा होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा. आधी आईबापाबरोबर कोयता चालवलेला, आता कर्ज काढून जुना ट्रॅक्टर आणि दोन जुन्या ट्रॉल्या घेतलेल्या. आठ कोयते, म्हणजे आठ जोड्या, आणि नऊ लेकरं. पहिलाच हंगाम. त्याच्या गाडीला काय काय झालं आणि त्यातून काय कळलं, ते क्रमानं सांगतो. नव्यानं वाहन घेणाऱ्यांना कामाला येईल.

पहिलं : हब

काष्टीच्या पुढं मागच्या ट्रॉलीच्या डाव्या चाकातून करकर आवाज यायला लागला. रात्रीची वेळ, वर टेप चालू, कोणाला ऐकू गेलं नाही. जळका वास आला तेव्हा थांबले. तोवर बेरिंगचा भुगा झाला होता आणि आतली रिंग आखाच्या टोकाला चिकटून बसली होती. चाक निखळून पडलं नाही हे नशीब. वर सात-आठ माणसं होती.

मी गेलो तेव्हा हब उघडलेला होता. आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं झालेलं. ग्रीस पांढरं झालं म्हणजे पाणी गेलं, हे आपण पंपाच्या मोटारीवरून पण ओळखतो. ट्रॉली जून ते ऑक्टोबर बांधावर उभी. ऑइल सील फाटलेलं. पावसाचं पाणी आत गेलं, रोलरला गंजाचे खड्डे पडले. रिकामी ओढली तर असं बेरिंग दहा-वीस किलोमीटर चालतं, काही कळत नाही. लांबच्या पल्ल्याला तापतं, ग्रीस वितळून बाहेर येतं आणि मग लोखंडावर लोखंड घासतं.

म्हणून माझं एक ठाम मत झालंय. गाडी चालून जेवढी खराब होते, त्याहून जास्त उभी राहून होते. हंगाम संपताना शेवटच्या खेपेला गाडी चांगली होती, म्हणून दसऱ्याला पण चांगलीच असेल, हा हिशेब चुकीचा.

निघायच्या आठ दिवस आधी प्रत्येक चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा, डुलतंय का बघा. हातानं फिरवा, खरखर लागते का ऐका. हब उघडा, जुनं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलनं धुऊन काढा, नवं ग्रीस रोलरच्या फटीत दाबून भरा. नुसतं टोपीत भरून उपयोग नाही. सील नवं टाका. नट आवळताना चाक फिरवत आवळा, मग थोडा सैल सोडा आणि कॉटर पिन नवीच घाला. जुनी सरळ करून परत घालू नका.

निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला थांबायचंच. चहाचं निमित्त करा. हाताची मागची बाजू हबजवळ न्या. सगळे हब सारखे कोमट असतील तर ठीक. एखादाच चटका देत असेल तर तिथंच थांबा, पुढं जाऊ नका.

आता पैशाचा हिशेब बघा. चारी हब घरी उघडून सील-ग्रीस करायला त्याला हजार-बाराशे लागले असते. रस्त्यावर आख लेथवर न्यावा लागला, बेरिंग दौंडातून आणलं, मिस्त्रीचं येणं-जाणं, सगळं मिळून साडेसहा हजार गेले. पण खरं नुकसान ते नाही. टोळी दोन दिवस रस्त्याच्या कडेला बसून होती. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो. आठ कोयत्यांचे दोन दिवसांत ३२ टन झाले. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, तेव्हापासून टनाला साडेतीनशेच्या पुढं मिळतात. म्हणजे अकरा हजारांवर मजुरी बुडाली, आणि ती मालकाची नाही, कोयत्याची बुडाली. उचल मात्र जागच्या जागी. एक म्हातारी मला म्हणाली, "तात्या, चाक त्याचं मोडलं, पर दिवस आमचं गेलं." एका सीलवर आठ घरांचा हंगाम असा लोंबकळतो.

दुसरं : बिऱ्हाड भरायची पद्धत

पिठाचे डबे, पाण्याची टाकी, बाजरी, लोखंडी पेटी सगळं मागच्या फाळक्याजवळ ठेवलेलं. कारण उतरवायला सोपं. दोन चाकी ट्रॉलीत आखाच्या मागं वजन जास्त झालं की हुक वर उचलला जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली शेपटीसारखी डुलते. आख मध्ये धरा, जड सामान त्याच्या थोडं पुढं आणि तळाला, हलकं मागं आणि वर. परदेशात गाडीमागं घर ओढणारे लोक एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त भार हुकावर येईल असं भरतात. बैलगाडीवाल्याला हे शिकवावं लागत नाही. धुरा उलाळ झाली की त्याला लगेच कळतं. ट्रॅक्टर मुका आहे, सांगत नाही.

तिसरं : ब्रेक आणि घाट

बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. दोन ट्रॉल्या थांबवायचं काम एकट्या ट्रॅक्टरवर. सौताड्याच्या घाटात उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. मागून वजन ढकलायला लागलं की नुसता ब्रेक पुरत नाही, ट्रॅक्टर आडवा होतो. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार लागायच्या आधी टाका, मध्यात नाही.

अजून एक. शेतात वळायला आपण डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा मारतो. रस्त्यावर जाताना दोन्ही पेडल पट्टीनं जोडायचे. या पोराच्या ट्रॅक्टरची पट्टीच गायब होती. एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक धरतं आणि गाडी पलटी होते. पट्टी वेल्डिंगवाल्यानं अर्ध्या तासात करून दिली.

हुकाची पिन पण बघा. पिन मध्ये झिजून बारीक झालेली असते. पिन हरवली म्हणून सळई किंवा बोल्ट घालून ओढू नका. खाली क्लिप हवी आणि दोन्ही ट्रॉल्यांना जादा साखळी हवी. पिन तुटली तर निदान साखळी धरून ठेवते.

चौथं : टायर

उन्हात उभं राहून टायरच्या बगलेला बारीक चिरा पडतात. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला, असं नाही. बगलेवर चार आकडे असतात. समजा २३१९ असेल, तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. जुनी ट्रॉली घेताना हे वाचा. विकणारा काही सांगो, टायर खोटं बोलत नाही. रबर चढवलेला टायर असेल तर निदान माणसं बसतात त्या ट्रॉलीला घालू नका. स्टेपनी, जॅक आणि टॉमी सामानाच्या तळाला नको, हाताशी हवी.

पाचवं : बॅटरी

हे घर म्हणून वापरल्याचं दुखणं आहे. संध्याकाळी कोप्या झाल्या की ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून दोन बल्ब, टेप आणि आठ-दहा मोबाईल. पहाटे चाव्या फिरवल्या की नुसतं टक. मग दुसरा ट्रॅक्टर बोलवा, ढकला. तेवढ्यात फडात जायची वेळ निघून जाते. ट्रॅक्टरची बॅटरी दणक्यात स्टार्टर फिरवायला बनवलेली असते, रात्रभर हळूहळू प्यायला नाही. चार-सहा वेळा पार रिकामी झाली की ती कामातून जाते. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२ वर आली म्हणजे जवळजवळ रिकामी.

उपाय सोपा आहे. घराला वेगळी बॅटरी, गाडीला वेगळी. पोरानं शेवटी एक लहान सोलर पाटी आणि वेगळी बॅटरी घेतली, तेव्हापासून पहाटेची कटकट मिटली. फ्यूज गेला म्हणून तार गुंडाळू नका. आजूबाजूला सगळं पाचट असतं.

पाचटाचंच अजून एक. फडात काम करताना रेडिएटरची जाळी पाचटानं भरते आणि इंजिन तापतं. रोज संध्याकाळी जाळी साफ करा, सायलेन्सरजवळ अडकलेलं पाचट काढा. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका.

सहावं : उभी गाडी

हे शेवटी ठेवलं, पण सगळ्यात महत्त्वाचं. थंडीत दव पडतं म्हणून लेकरं ट्रॉलीखाली झोपतात. पहाटे अंधारात ड्रायव्हर येतो आणि गाडी चालू करतो. आमच्या तुकड्यात मी नियमच केलाय. ट्रॉलीखाली कोणी झोपायचं नाही, चाकाला पुढून-मागून ओंडका लावायचा, आणि ड्रायव्हरनं बॅटरी घेऊन पूर्ण फेरी मारल्याशिवाय चावी लावायची नाही. दोन मिनिटं लागतात.

रस्त्यात गाडी बंद पडली तर मागं लांबवर कोणीतरी उभं करा, लाल दिवा लावा. दगड ठेवले असतील तर निघताना उचला. न्हावरे-चौफुला रस्त्यावर असे विसरलेले दगड रात्री मोटारसायकलवाल्याला दिसत नाहीत. मागच्या ट्रॉलीला रेडियम आणि चालू लाईट हवीच. पाचट आणि धुळीनं रेडियम झाकतं, ते रोज पुसा.

आता आपण शेतकऱ्यांनी काय करायचं? ऊस आपला जातो, म्हणून गाडी आपली पण आहे असं समजा. टोळी आली की पहिल्या दिवशी हवा भरायचा पंप, ग्रीस गन आणि पान्यांचा संच वापरायला द्या. कोपीला सपाट जागा द्या, गाडीच्या वाटेपासून बाजूला. एक प्लग द्या, मोबाईल आणि बॅटरी चार्ज होतील. महिन्याचं बिल फार वाढत नाही. आणि शेवटच्या खेपेला "अजून चार मोळ्या टाक" म्हणून आग्रह करू नका. त्या चार मोळ्या बेरिंगवरच बसतात.

तो पोरगा एप्रिलमध्ये परत निघाला तेव्हा चारी हब उघडून, ग्रीस भरून निघाला. म्हणाला, "तात्या, घरी गेल्यावर ट्रॉली विटांवर उचलून ठिवतो, वर कागद टाकतो." बरोबर आहे. टायरवरचा भार जातो, पाणी आत जात नाही.

आत्ता ज्यांच्या ट्रॉल्या बांधावर उभ्या आहेत त्यांनी एवढं तरी करा. पाऊस पडायच्या आधी हबच्या टोप्या बघा, सील बघा. तुमच्याकडं उभी ट्रॉली कशी सांभाळता, बैलाच्या टायरगाडीला आणि जुगाडाला काय काळजी घेता, ते लिहा. मी वाचतो आणि आमच्या टोळीला पण सांगतो.

रामकृष्ण हरी.