नेम कशावर धरायचा?

मुलांच्या हाती एअरगन आली की पहिला नेम झाडावरच्या होल्यावर नाहीतर बुलबुलावर धरला जातो. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात पूर्वी हे काम बेचकीने व्हायचे, एवढाच फरक. म्हणून मामूंनी मे महिन्याच्या सुट्टीत भाच्यांसाठी एअरगन आणली, तेव्हा आम्ही नवराबायकोने ती परत केली नाही. पण नेम कशावर धरायचा हे आधी ठरवले.

हदीसमध्ये हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांचा प्रसंग आहे. कुरैशची काही मुले पक्षी बांधून त्यावर तीर मारत होती. त्यांना पाहताच ती पांगली. जिवंत प्राण्याला निशाण बनवणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत केली आहे, असे त्यांनी तेव्हा सांगितले. तीरंदाजी शिकायला मात्र प्रेषितांनी (स.) उत्तेजनच दिले. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही पाखरांच्या शिकारीला मनाई करतो.

मुलांना हे पटले. पुठ्ठ्यावर कागदी निशाण लावून दिले. दुसऱ्याच दिवशी थोरला म्हणाला, "अब्बा, मजा नाही येत. लागले की नाही ते कळतच नाही." त्याचे खरे होते. पाखरू पडते, ते दिसते. कागद गप्प राहतो.

यावरचा इलाज लोखंडात आहे. मेक्सिकोत एकेकाळी कोंबड्या, मेंढे बांधून नेमबाजीच्या पैजा लागत. पुढे १९४८ च्या सुमारास त्यांच्या जागी पोलादी पत्र्याच्या आकृत्या आल्या. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा अशा त्या चार आकृत्या आता जगभर खेळात वापरतात. लागले की आकृती धाडकन पडते. जीव कोणाचाच जात नाही.

आम्ही जनावरांचे आकार घेतलेच नाहीत. वेल्डिंगवाल्याकडून सहा मिलिमीटर जाडीच्या, तळहाताएवढ्या पाच गोल तबकड्या कापून घेतल्या आणि साखळीने टांगल्या. तबकडीची वरची कड थोडी पुढे झुकलेली ठेवली, म्हणजे चपटा झालेला छर्रा जमिनीकडे जातो. मागे मातीचा उंच बांध आहे. अंतर दहा मीटर. वर चुना फासला की लागलेली जागा लगेच दिसते आणि "टण्ण" आवाज तर अम्मीला स्वयंपाकघरातही ऐकू येतो!

नियम मात्र कडक आहेत. छर्रे मऊ शिशाचेच. पोलादी गोळी लोखंडावरून उसळून डोळ्यात येऊ शकते. नेम धरणाऱ्यानेच नव्हे, बघणाऱ्यानेही चष्मा लावायचा. खड्डे पडलेली तबकडी बाद करायची. सगळे रेषेच्या मागे. नळी माणसाकडे कधीच नाही, रिकामी असली तरी नाही. शिसे विषारी असते, म्हणून खेळ संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही. मोठे माणूस हजर नसेल तर एअरगन कुलपात.

आता संध्याकाळी मोहल्ल्यातली सात-आठ मुले येतात. धाकटी माशाअल्लाह भावापेक्षा जास्त तबकड्या वाजवते. होले मारण्यात पटाईत असलेला शेजारचा मुलगाही येतो. परवा त्याने विचारले, "चाचा, याहून लहान तबकडी मिळेल का?" आम्ही निम्म्या आकाराच्या दोन सांगून ठेवल्या आहेत. मुलांना नेमाची हौस असतेच. आपण निशाण दिले नाही तर ती स्वतःच शोधतात.