हौद झाकण्याचे दिवस

छिंदवाड्याहून नागपूरकडे येताना घाट उतरला की हवा बदलते, आणि हवेबरोबर भाषाही. सौंसरच्या बाजारात भाव हिंदीत विचारला तरी उत्तर पुष्कळदा मराठीत येते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि विदर्भ पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली. पाटीवरचे नाव बदलले, पण मोहगावच्या काळ्या जमिनीला त्याची वार्ता नसावी. नदीकाठचे अर्धनारीश्वराचे देऊळ, कपाशीची वावरे आणि संत्र्याचे बगीचे, एवढ्यावर गावाची ओळख पुरी होते.

संत्रे या भागात नागपूरकर भोसल्यांमुळे आले. दुसऱ्या रघूजींनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेहून त्याची झाडे आणविली, असे सांगतात. आमचा बगीचा अर्थात इतका जुना नाही. विहिरीवर मोट होती, मग तेलाचे इंजिन आले, आणि इंजिनाचे पाणी साठविण्यासाठी वडिलांनी घरामागे, बगीच्याच्या तोंडाशी, हौद बांधला. पंधरा हात लांब, दहा हात रुंद, अर्धा जमिनीत आणि अर्धा वर. पाठीला रिकामा डबा बांधून आम्ही भावंडे त्यातच पोहायला शिकलो. तो बगीच्यासाठी आहे, हे आम्हांला मार्गशीर्षात आठवण करून द्यावे लागे.

मार्गशीर्षात हौद बंद होई. ज्यांच्या घरी संत्री नाहीत त्यांना हे नवल वाटेल, म्हणून थोडे सांगतो. संत्र्याला वर्षातून दोनदा फूल येऊ शकते, पावसाच्या तोंडी मृगाचे आणि हिवाळ्याच्या अखेरीस आंबियाचे. आंबिया बहार हवा असेल तर फळे उतरल्यावर, साधारण डिसेंबरात, झाडांचे पाणी तोडावे लागते. याला ताण देणे म्हणतात. हलकी जमीन असेल तर महिनाभर, भारी असेल तर दीड-दोन महिने. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. वाढ थांबते आणि झाड आपला साठा राखून ठेवते. संक्रांतीच्या पुढेमागे पहिले पाणी दिले की तीनेक आठवड्यांत फांद्या पांढऱ्या होतात. ताण कमी पडला तर फुलाऐवजी नुसती पालवी फुटते, जास्त झाला तर झाडच खचते. मध्येच अवकाळी पाऊस आला तर सारे गणित चुकते. त्यावर उपाय नाही.

हौद बंद करण्याचे काम वडील गड्यावर सोपवीत नसत. आधी पाणी उपसायचे. बेडूक आणि मासळ्या बादलीने विहिरीत सोडायच्या, हे काम आमचे. मग विटेच्या तुकड्याने भिंतीचे शेवाळे घासायचे, गाळ काढायचा. हा गाळ झाडाच्या आळ्यात टाकायची सक्त मनाई. ओला गाळ म्हणजे चोरून दिलेले पाणीच. तो उकिरड्यावर जाई. भेगा सिमेंटने बुजवायच्या. तळाशी मात्र वीतभर पाणी ठेवायचे, कारण काळी माती सुकली की आकसते आणि कोरडा हौद तिच्याबरोबर तडकतो. शेवटी दांडाच्या तोंडाला चिंध्यांचा बोळा ठोकून बसवायचा आणि वर तट्टे व पऱ्हाट्या अंथरायच्या, म्हणजे पालापाचोळा पडत नाही आणि वासरूही पडत नाही. त्याच आठवड्यात झाडांची सल काढून, मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो मलम खोडांना लावला जाई.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा बोळा ठोकण्याचा मान मला मिळाला. त्या वर्षी वडिलांना कमरेमुळे वाकता येत नव्हते. मी दोनचार ठोके घातले आणि पतंगाच्या मागे धावलो. वीतभर राहिलेले पाणी रात्री झिरपत गेले. ते संपले असते तर एकवेळ भागले असते. पण हौद कोरडा दिसला म्हणून गड्याने पुन्हा वीतभर भरला, आणि तेही त्याच वाटेने गेले. असे चार वेळा झाले. कोणाच्याच ध्यानात आले नाही. फेब्रुवारीत सगळा बगीचा फुलला आणि हौदाजवळच्या ओळीतली अकरा झाडे हिरवीगार, तुकतुकीत पालवी मिरवीत उभी राहिली. व्यापारी उभा बगीचा पाहायला आला तो नेमका त्याच बाजूने. त्याने ती ओळ पाहिली आणि पुढे न जाताच भाव पाडला. वडील मला काही बोलले नाहीत. पुढच्या मार्गशीर्षात बोळा त्यांनी पुन्हा माझ्याच हातात दिला आणि मी ठोकीत असताना बाजूला उभे राहिले.

हे आठवण्याचे कारण पुतण्याचा फोन. तो शिकागोजवळ राहतो, घरामागे पोहण्याचा तलाव आहे. माणूस बोलावला तर काही शे डॉलर जातात, म्हणून यंदा त्याने तो स्वतःच बंद करायचे ठरविले. "काका, सगळं पाणी काढून टाकू का?" मला तिकडचे काय कळणार! पण हौदाची रीत सांगितली. त्याने चौकशी केली, तर तिथेही तलाव पूर्ण रिकामा करीत नाहीत. जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने रिकामे टाके वर उचलले जाऊ शकते. पाणी तोंडाच्या खाली आणायचे, नळ्यांतले पाणी हवेने फुंकून काढायचे, बुचे बसवायची आणि वर आच्छादन ताणायचे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. नळीत राहिले तर नळी फुटते. आमच्याकडे पाणी सुटले तर नुकसान, त्याच्याकडे अडकले तर. बुचे दोनदा तपासून पाहा, एवढे मी आवर्जून सांगितले. का, ते सांगितले नाही.

आता आमच्याकडे ठिबक आहे. चावी फिरवली की ताण सुरू होतो. हौदाचे काम तसे उरलेले नाही. धाकटा भाऊ म्हणतो, बुजवून टाकू. मी अजून हो म्हटलेले नाही. या मार्गशीर्षातही दोघांनी मिळून गाळ काढला, तट्टे घातले, आणि बोळा मी ठोकला. संक्रांतीनंतर पाणी सोडायचे. पुतण्याचा तलाव मे महिन्यात उघडेल. तोवर आमच्या झाडांवर फळे लिंबाएवढी झालेली असतील.