विदूषकाचे केळे

पदव्युत्तर वर्गाला हास्यरस शिकवण्याचा प्रसंग दरवर्षी येतो आणि दरवर्षी आम्ही थोडे धास्तावतो. करुणरस शिकवताना वर्ग गंभीर झाला की अध्यापकाचे निभते. हास्य शिकवताना वर्ग हसलाच नाही तर सिद्धान्तासकट आपणच हास्यास्पद ठरतो. भरताने स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या, त्या उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींना दोन दोन अशा वाटून दिल्या. ताजी उदाहरणे शोधण्याचे काम मात्र आमच्यासारख्यांवर पडले. कोल्हटकरांचा सुदामा वर्गात वाचला की विद्यार्थी तो आदराने ऐकतात, आणि विनोदाची त्याहून मोठी विटंबना नाही.

म्हणून २०२४ च्या डिसेंबरात आम्ही वर्गात एक छायाचित्र नेले. पांढरी भिंत, तिच्यावर राखाडी चिकटपट्टीने तिरपे चिकटवलेले एक केळे. बाकी काही नाही.

हे केळे प्रथम झळकले ते २०१९ च्या डिसेंबरात, 'आर्ट बाझेल मायामी बीच' या कलाबाजारात. ('कलाजत्रा' हा शब्द आम्ही टाळतो, जत्रेत निदान एक देव असतो.) पेरोतँ या फ्रेंच गॅलरीने आपल्या गाळ्याची एक अख्खी भिंत त्याला दिली होती. कलावंत मौरिझ्यो कातेलान, जन्म १९६०, गाव इटलीतील पादुआ. कृतीचे नाव 'कॉमेडियन'. प्रती तीन; किंमत प्रारंभी १,२०,००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ८५ लाख रुपये. तिन्ही खपल्या.

विकत घेणाऱ्याला केळे मिळत नाही. त्याला मिळते एक प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना: किती उंचीवर लावावे, कसे लावावे, काळवंडले की बदलावे. यात साहित्याच्या माणसाने गोंधळून जाण्यासारखे काही नाही. संहिता एक आणि प्रयोग अनेक हा आपला रोजचा विषय. नट बदलला म्हणून नाटक दुसरे होत नाही. त्यामुळेच ७ डिसेंबर रोजी डेव्हिड दातुना या जॉर्जियात जन्मलेल्या कलावंताने ते केळे भर बाजारात सोलून खाल्ले आणि त्या कृत्याला 'भुकेला कलावंत' असे नाव दिले, तेव्हा गॅलरीने दुसरे केळे लावले आणि विषय संपवला. काफ्काच्या उपोषण करणाऱ्या कलावंताची आठवण होऊन आम्हाला तेव्हा मोठी मौज वाटली होती. दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या अखेरच्या दिवशी, गर्दी आवरेना म्हणून केळे उतरवावे लागले.

वर्ग हसला. आम्ही सुखावलो आणि मग भरात येऊन पुढची हकिगतही सांगून टाकली. २० नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या सॉदबीज् लिलावगृहात यातील एक प्रत ६२ लाख डॉलरला गेली. रुपयांत सांगायचे तर ५२ कोटींच्या घरात. घेणारे जस्टिन सन हे आभासी चलनाच्या व्यवसायातील धनिक. नऊ दिवसांनी हाँगकाँगमध्ये पत्रकारांना बोलावून त्यांनी ते केळे खाल्ले. आणि लिलावासाठीचे केळे आणले होते कोठून? शेजारच्या फळांच्या गाड्यावरून, ३५ सेंटला. तीस रुपयांना! इथे वर्ग अपहसितापर्यंत पोचला.

मागच्या बाकावरील एक विद्यार्थी तेवढा हसला नाही. "सर, केळं कोणत्या जातीचं होतं? श्रीमंती का ग्रँड नैन?"

आम्ही ही कोटी समजून दाद दिली. ती कोटी नव्हती. जळगाव जिल्ह्यात अठरा वर्षे शिकवूनही 'श्रीमंती' हे केळीच्या एका वाणाचे नाव आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते. वर्गातील निम्म्या मुलांना होते. या मुलाच्या घरची बाग यावलकडची. बाजार समितीचा भाव फळ्यावर लागतो आणि व्यापारी त्याहून कमी देतो, हे त्याने तक्रारीच्या नव्हे, माहितीच्या सुरात सांगितले. जूनच्या वादळात निम्मी बाग आडवी झाली होती. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, "ते तीस रुपये त्या माणसाला मिळाले का गाड्याच्या मालकाला?"

आम्हाला उत्तर येत नव्हते. विनोदाच्या कळसाला आम्ही त्या फळविक्रेत्याला उभे केले होते आणि तो कोण याची साधी चौकशी केली नव्हती.

घरी येऊन शोधले. गाडा त्याचा नव्हताच. बांगलादेशातून आलेला तो वृद्ध तिथे तासाच्या मजुरीवर उभा राहत असे. आपण विकलेल्या केळ्याचे काय झाले हे एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने सांगितले तेव्हा त्याला रडू कोसळले. पुढे सन यांनी त्याच गाड्यावरून एक लाख केळी घेण्याची घोषणा केली. त्यावर त्याने हिशेब मांडला: एवढी केळी आणणेच अवघड, नफा थोडा, आणि जो होईल तो मालकाचा. या सगळ्या प्रकरणात अर्थशास्त्र नीट कळलेला हा एकच माणूस आम्हाला दिसला. खुद्द कातेलानलाही लिलावातून काही मिळाले नाही. प्रत विकणारा संग्राहक वेगळाच होता.

संस्कृत नाटकातील विदूषक राजाचा मित्र असतो. 'शाकुंतला'तील माढव्य दुष्यंताच्या शिकारीच्या नादाला नावे ठेवतो, पण तोही राजाच्या पंक्तीतलाच. त्याची थट्टा परवानगीची. कातेलान नेहमीच असा नव्हता. १९८९ साली पहिल्या एकल प्रदर्शनाच्या वेळी त्याने गॅलरी बंद ठेवून दारावर 'लवकरच येतो' अशी पाटी लावली होती. फजिती झाली असती तर त्याची स्वतःची. १९९९ साली मिलानमध्ये त्याने मास्सिमो दे कार्लो या आपल्या गॅलरीमालकालाच चिकटपट्टीने भिंतीवर डकवले. केळ्यापेक्षा तो विनोद आम्हाला किती तरी सरस वाटतो. तिथे चिकटपट्टी विकणाऱ्यावर होती. वीस वर्षांनी तीच चिकटपट्टी वस्तूवर आली. विकणारे आणि घेणारे मोकळे राहिले आणि शिवाय रसिक ठरले. आपण कोट्यवधींना फसलो हे हसत हसत सांगता येणे हीही एक चैनच आहे.

शोधताना आणखी एक गोष्ट हाती लागली. त्याच २०१९ च्या डिसेंबरात मायामीतील सफाई कामगारांनी आपल्या सदऱ्यांवर चिकटपट्टीने केळी डकवून वेतनवाढीसाठी निदर्शने केली होती. प्रमाणपत्र नाही, सूचना नाहीत, प्रयोग मात्र बिनचूक. हे छायाचित्र आम्ही आधी पाहिले असते तर वर्गात तेच नेले असते.

पुढच्या तासाला आम्ही हे सारे वर्गाला सांगितले आणि आधीच्या तासाची दिलगिरीही व्यक्त केली. तो विद्यार्थी म्हणाला, "मालकाचेच असणार, मला वाटलंच होतं." परीक्षेत हास्यरसावरील प्रश्नाचे त्याचे उत्तर आम्ही उत्सुकतेने उघडले. भरताच्या सहाही पायऱ्या त्याने क्रमाने, अचूक लिहिल्या होत्या. उदाहरण कोल्हटकरांचे दिले होते.