रसायनाची वहिवाट

वसमतहून औंढा नागनाथकडे जाताना लागणारे शिरड शहापूर भगवान मल्लिनाथांच्या दर्शनास येणाऱ्या जैन यात्रेकरूंमुळे दूरवर ख्यात असले, तरी या टापूतल्या बारावीच्या मुलांना ग्रासणारा प्रश्न निखालस ऐहिक असतो: फिजिक्स जास्त जड, का केमिस्ट्री? निजामाच्या अमलात उस्मानिया विद्यापीठात हे दोन्ही विषय उर्दूतून शिकावे लागत, तेव्हा मराठी घरातल्या मुलाला हा भेद करण्याची उसंत तरी कितपत मिळत असेल! आज बहुमताचा फैसला, गणिताच्या धास्तीने, पदार्थविज्ञानाच्या विरुद्ध जातो. मला तो मान्य नाही.

औंढ्याच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय तरंग टिपणारी वेधशाळा उभी राहावयाची असून २०२३ च्या एप्रिलात केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर-प्रकाश, आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरे एकरूप झाली म्हणजे त्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म असा फरक! आइन्स्टाइनने १९१६ साली वर्तविलेले हे तरंग अमेरिकेतील यंत्रांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम गवसले. काम अचाट खरे; तथापि एक भुजा दुसरीहून किती लांबली, हा त्यातला प्रश्न शाळकरी मुलालाही समजतो.

आता वसमतची हळद घ्या. लग्नघरातल्या हळदीने माखलेल्या धोतराला साबण लावला की पिवळा डाग डोळ्यांदेखत तांबडा होतो आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हा रंग ज्याचा, ते कर्क्युमिन १८१५ साली वेगळे काढले गेले. पण त्याच्या रेणूची रचना उलगडायला १९१० साल उजाडले. साबणातला क्षार त्या रेणूचा प्रोटॉन हिरावून घेतो आणि त्यामुळे रेणूची प्रकाश शोषण्याची रीत पालटते, हे उत्तर दोन ओळींत लिहून गुण मिळतात. मात्र ते कळण्यासाठी आम्ल, बंध, इलेक्ट्रॉन आणि प्रकाश या साऱ्यांची कैफियत एकाच वेळी ऐकावी लागते.

रसायनशास्त्राच्या मुळाशी असलेले भौतिक नियम पूर्णपणे ज्ञात झाले आहेत, अडचण आहे ती त्यांतून निघणारी समीकरणे सुटत नाहीत एवढीच, असे भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने १९२९ सालीच लिहून ठेवले. अवघ्या दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमचेही समीकरण तंतोतंत सुटत नाही, मग कर्क्युमिनची कथा काय! कायदा कागदावर शाबूत, परंतु कारभार गावोगावच्या वहिवाटीने चालावा, तसा हा मामला आहे. म्हणूनच इलेक्ट्रॉनांच्या मांडणीचा नियम शिकवून होतो न होतो तोच क्रोमियम आणि तांबे हे अपवाद घोकावे लागतात. पदार्थविज्ञानातले उदाहरण अडले की अज्ञान तिथल्या तिथे उघडे पडते. रसायनशास्त्रात पाठांतराच्या जोरावर ते उत्तम गुणांनिशी सुखाने नांदते.

खुद्द लायगोच्या आरशांवर सिलिका व टँटॅलम ऑक्साइड यांचे पातळ थर असतात आणि त्या थरांतल्या अणूंची उष्णतेने होणारी चुळबूळ ही यंत्राच्या सूक्ष्मतेला पडणाऱ्या मर्यादांपैकी एक प्रमुख मर्यादा आहे. कोणते ऑक्साइड, कशाच्या मिश्रणाने, अधिक शांत राहील, हे शोधण्यासाठी विश्वाचा कानोसा घेणाऱ्या त्या पंडितांनाही नमुन्यांमागून नमुने भट्टीत तापवून पाहावे लागतात.