राधानगरीत महासीर रुजेल?

राधानगरीच्या जलाशयात महासीर सोडला तर जगेल का? गळ टाकणाऱ्या हौशी माणसालाही पडावा असा हा प्रश्न. शाहू महाराजांनी भोगावती अडवून बांधायला घेतलेले हे धरण, त्याच्या वर दाजीपूरचे जंगल. मासा जगेल. पण त्याची वीण वाढेल का, हे बीज सोडणाऱ्याने आधी विचारायला हवे.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. धरणात ते झपाट्याने वजन धरतात. मात्र साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा नवी बोटुकली सोडावी लागते. दख्खनचा महासीर इथलाच. साइक्स या अभ्यासकाने 1839 मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि मुळा-मुठा काय, भोगावती काय, दोन्हींचे पाणी अखेर कृष्णेलाच मिळते. पावसाळ्यात हा मासा तळ्यातून ओढ्याच्या तोंडाशी चढतो. अंडी घालायला त्याला वाहते पाणी आणि खडीगोट्यांचा तळ लागतो.

लोणावळ्याच्या वळवण तलावावर टाटांच्या केंद्रात महासीरची अंडी काढून पिल्ले वाढवण्याचे काम 1970 च्या दशकापासून उभे राहिले, सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. पिकलेल्या मादीच्या पोटावरून अंगठा हलकेच मागे नेला की पिवळसर अंडी ओघळतात. जोर लावावा लागला, तर तिची वेळ झालेली नाही असे समजून तिला परत पाण्यात सोडावे. अंड्यांत नराचे वीर्य पिसाने मिसळतात आणि ट्रेमधून पाणी वाहते ठेवतात. तीन-चार दिवसांत निघालेली पिल्ले उजेड टाळत, डोकी खुपसून, शेपट्या थरथरवत कोपऱ्यात गर्दी करतात. ही गोट्यांच्या फटीत लपायची सवय. तिथे गाळ बसला असेल तर त्यांना आसरा कुठला?

लोणावळ्याचे बीज देशभर गेले, कावेरीतही. तिथे ते इतके फोफावले की कावेरीच्या स्वतःच्या, पाठीवर उंचवटा असलेल्या महासीरची पीछेहाट झाली, असे अभ्यासक सांगतात. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. मासा तगला म्हणून प्रयोग फळला, असे कावेरीकडे पाहून कोण म्हणेल?

म्हणून राधानगरीत बीजाच्या पिशवीचे तोंड उघडण्याआधी जलाशयाला मिळणारे ओढे पायी फिरून पाहावेत. खडी शाबूत आहे का, वाटेत बंधारा आडवा येतो का, महासीर आधीपासून आहे का? असेल, तर बाहेरचे बीज आणूच नये. त्याच पाण्यातल्या नर-मादीपासून पिल्ले करावीत. ती धरणाच्या भिंतीपाशी न सोडता ओढ्याच्या तोंडाशी सोडावीत. पिशवी आधी बंदच पाण्यात तरंगत ठेवावी, आतले-बाहेरचे तापमान जुळले की मगच उघडावी. सोडताना प्रत्येकाच्या एका पराला छोटी खूण केली, तर पुढे कोणता मासा सोडलेला आणि कोणता ओढ्यातच जन्मलेला, हे जाळे टाकल्यावर वेगळे ओळखता येईल.