मिसरूड फुटलं, पण सांगायचं कोणी?



मुलगी वयात आली की घरात सगळ्यांना कळतं. 'शहाणी झाली' म्हणतात, 'न्हाण आलं' म्हणतात. त्या दिवसांत देवळात जायचं नाही, स्वयंपाकघरात शिवायचं नाही, हे आपल्या कितीतरी घरांत अजून पाळलं जातं. त्यामुळे आईला लेकीशी बोलावंच लागतं, टाळायची सोयच नसते. मुलाचं तसं नाही. त्याला काही पाळायचं नसतं, म्हणून त्याच्याशी कोणी काही बोलतही नाही. आवाज फुटला की आत्या हसते, मिसरूड फुटलं की काका मिशीला पीळ द्यायला सांगतात आणि विषय तिथंच संपतो.

आईला वाटतं, हे त्याच्या पप्पांनी सांगायचं. पप्पांना त्यांच्या वयात कोणी सांगितलेलं नसतं, मग ते कुठून सुरुवात करणार? मुलगा शेवटी मित्रांना विचारतो, मोबाइलला विचारतो, नाहीतर एसटी स्टँडजवळच्या भिंतीवरची 'गुप्त रोगांवर खात्रीशीर इलाज' ही जाहिरात वाचून घाबरतो. म्हणून आज थोडं मोकळेपणी लिहिते. आपण बायकाच तर वाचतोय.

आधी वयाचं. मुलांमध्ये हे बदल साधारण 9 ते 14 या वर्षांत कधीही सुरू होतात. आपण मिशीची वाट बघत बसतो, पण मिशी ही पहिली खूण नव्हे. आधी वृषण वाढायला लागतात, मग जांघेत केस येतात, शिश्न वाढतं, उंची झपाट्यानं वाढते, आवाज फुटतो. मिशी त्यानंतर. म्हणजे आपल्या लक्षात येतं तोवर त्याच्या शरीरात बरंच काही होऊन गेलेलं असतं आणि ते त्यानं एकट्यानंच पाहिलेलं असतं. 9 वर्षांच्या आधीच खुणा दिसू लागल्या किंवा 14 पूर्ण होऊनही काहीच बदल नसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

या वयात पुष्कळ मुलांच्या स्तनाग्रामागे एका किंवा दोन्ही बाजूंना थोडी सूज येते, हात लागला तर दुखतं. बहुतेकांची ही सूज वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. पण मुलाला ते माहीत नसतं. 'माझं शरीर मुलीसारखं होतंय का?' हा प्रश्न तो कुणाला विचारणार? अभिषेकाला उघड्या अंगावर दुपट्टा घेऊन उभं राहायला एखादा मुलगा एकाएकी लाजायला लागला, तर 'आता देवधर्म नको झालाय' असं म्हणण्याआधी हेही कारण असू शकतं, एवढं ध्यानात ठेवा.

आता वासाचं. कालपर्यंत खेळून आला तरी ज्याच्या अंगाला नुसता मातीचा वास यायचा, त्याच्या शर्टाला आता उग्र वास येतो. काखेतल्या आणि जांघेतल्या काही घर्मग्रंथी या वयातच कामाला लागतात. त्या घामाला स्वतःचा फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्याचं विघटन करतात, तेव्हा वास सुटतो. म्हणून घाम न धुता वरून डिओ मारला, तर नुसते दोन वास एकत्र होतात.

आंघोळीवरून आपल्या घरांत एक खास वाद होतो. पाठशाळेत मुनींचे 28 मूलगुण पाठ केलेला मुलगा हळूच म्हणतो, "महाराज आंघोळ करत नाहीत, मग मलाच का रोज?" हसू येतं, पण उत्तर नीट द्यावं. अस्नान हा मूलगुण खरा, पण तो घरदार, वस्त्र, देहाची शोभा हे सगळं सोडलेल्या मुनींचा. त्यातलं एकच सोयीचं व्रत उचलून चालत नाही. आपण श्रावक. आपल्याला पूजा-अभिषेकाला स्नान करूनच जायचं असतं. आणि पाणी उधळायची गरजही नाही, एक बादली गाळलेलं पाणी पुष्कळ होतं. फक्त ते कुठं वापरायचं, ते सांगावं लागतं. कारण मुलं डोक्यावरून चार तांबे ओतून बाहेर येतात.

काख, जांघा, वृषणाखालची जागा, पायाच्या बोटांची बेचकी इथं हात लावून साबणानं धुवायचं आणि मग कोरडं पुसायचं. शिश्नावरची त्वचा सहज मागे सरकत असेल तर तेवढीच सरकवायची, आतला भाग साध्या पाण्यानं धुवायचा आणि त्वचा पुन्हा पुढे आणायची. सरकत नसेल तर जोर करायचा नाही. या वयापर्यंत सगळ्यांचीच सरकते असं नाही, हळूहळू ती सैल होते. ती मागेच अडकून राहिली आणि सूज आली, तर मात्र लगेच दवाखाना. हे सांगणं पप्पांनी, मामांनी किंवा मोठ्या दादानं केलं तर मुलाला सोपं जातं. पण घरात तसं कोणी नसेल तर आईनं सांगावं. ज्या हातांनी त्याला न्हाऊ घातलं, त्या आईनं चार वाक्यं बोलण्यात गैर काय आहे?

चड्डी रोज बदलायची, सुती असावी, आणि ती उन्हात वाळावी. आपल्याकडे ती टॉवेलखाली दडवून वाळत घालतात, पावसाळ्यात तर दमटच अंगावर चढते. मग जांघेत नायटा होतो. आपण पावसाळ्यात पापडाचा डबा कोरडा का ठेवतो? ओल साचली की बुरशी धरते, जीवोत्पत्ती होते, म्हणूनच ना? अंगाचंही तसंच. आधी होऊ द्यायचं आणि मग औषध लावून मारायचं, त्यापेक्षा होऊच न देणं आपल्या धर्माला जास्त धरून आहे. नायटा झालाच तर मेडिकलमधून मनानं मलम आणू नका. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण नायटा आत पसरत जातो आणि पुढे हटता हटत नाही. मुलगा बोर्डिंगात असेल तर त्याचा टॉवेल, चड्डी, रेझर त्याचाच राहील, एवढं बजावून पाठवा. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या तर दिवसातून दोनदा सौम्य साबणानं धुवायचं, फोडायच्या नाहीत. फारच वाढल्या तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं.

इथवरचं सगळं बोलायला तसं सोपं. अवघड गोष्ट पुढेच आहे.

आमच्या नात्यातला एक मुलगा, तेरा-चौदा वर्षांचा. लहानपणापासून पहाटे उठून सोळ्यात अभिषेकाला जाणारा. एका चातुर्मासात त्यानं जाणं सोडलं. कधी पोट दुखतंय, कधी अभ्यास आहे. घरच्यांनी मोबाइलला दोष दिला, आजीनं वाईट संगतीला. दोन महिन्यांनी तो आपल्या मामाशी बोलला. रात्री झोपेत चड्डी ओली झाली होती. पुन्हा काही दिवसांनी तेच. मित्रानं सांगितलं, याला 'स्वप्नदोष' म्हणतात. त्या शब्दात 'दोष' आहे, एवढंच त्याला कळलं. असल्या अंगानं भगवंताला हात कसा लावायचा, म्हणून तो देवळाच्या पायरीवरूनच परतायचा. रोज उठून स्वतःची चड्डी गुपचूप धुवायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. मामानं त्याला गावातल्या उपाध्यांकडे नेलं. ते म्हणाले, "स्नान कर, धुतलेलं धोतर नेस आणि ये. एवढंच." दुसऱ्या दिवशी पोरगा अभिषेकाला उभा होता.

मैत्रिणींनो, दोन महिने त्या मुलानं काय सोसलं असेल? त्याच्यात धर्म कमी नव्हता, उलट जास्तच होता. म्हणून तर तो मागे सरला. बेफिकीर मुलगा असता तर तसाच गेला असता.

झोपेत वीर्य बाहेर पडणं हा आजार नाही. वयात आलेल्या मुलाच्या शरीरात ते सतत तयार होत असतं, कधीमधी झोपेत बाहेर पडतं. काहींना वारंवार होतं, काहींना कधीच होत नाही, दोन्ही ठीक. त्यानं अशक्तपणा येत नाही, डोळे खोल जात नाहीत, स्मरणशक्ती कमी होत नाही. 'वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे इतके थेंब' हा हिशेब खोटा आहे. भिंतीवरच्या जाहिरातवाल्यांचा धंदा त्याच्यावर चालतो.

आणि धर्माचं म्हणाल, तर आपल्या परंपरेला ही गोष्ट नवीन नाही. माझ्या श्वेतांबर मैत्रिणींकडे सकाळच्या राई प्रतिक्रमणात वाईट स्वप्नांसाठी एक कायोत्सर्ग असतो. चार लोगस्सचं ध्यान करायचं आणि पुढच्या दिवसाला लागायचं. त्यात आरडाओरडा नाही, कुणाला वाळीत टाकणं नाही. साधू-साध्वींसुद्धा ते करतात, हे मुलाला सांगितलं तर त्याचा जीव केवढा हलका होईल! आपल्याकडे त्यानं नऊ वेळा णमोकार म्हणावा, स्नान करावं, आणि आपल्या देवळाची रीत असेल तसं वागावं. रीत माहीत नसेल तर विचारावी. पण मनात कुढत बसू नये.

कुणी म्हणेल, बारा भावनांत अशुची भावना आहेच की, शरीर अपवित्रच आहे. आहे ना. पण ती भावना सगळ्यांच्याच देहाविषयी आहे. माझ्या, तुमच्या, आजीच्या, पाळण्यातल्या तान्ह्याच्याही. देहाचा मोह सुटावा म्हणून ती भावायची. तेरा वर्षांच्या मुलाचा देह एका रात्रीत इतरांपेक्षा जास्त अशुची झाला, असं त्यात कुठं आहे? दशलक्षणात आपण उत्तम शौच म्हणतो, तेव्हाही लोभ जाऊन मन निर्मळ होणं हाच अर्थ सांगतो, आंघोळ नव्हे. अंगाचा मळ पाण्यानं जातो. मनात बसलेली लाज पाण्यानं जात नाही, ती बोलूनच जाते.

जागेपणी मुलगा स्वतःच्या शरीराशी काही करतो, हेही कधीतरी आईच्या लक्षात येतं. डॉक्टर सांगतात की त्यानं शरीराला अपाय होत नाही. संयम ही आपली शिकवण आहे, ती आपण जरूर द्यावी. पण 'आंधळा होशील, पुढे मूल होणार नाही' असल्या खोट्या भीतीवर ती उभी करू नये. ज्या दिवशी मुलाला कळतं की आईची भीती खोटी होती, त्या दिवशी तो तिचा संयमही खोटा ठरवतो.

बोलणं मोकळं हवं, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते जिवाला घोर लावणारं आहे. या वयात एखाद्या मुलाचा वृषण आतल्या आत पिळला जातो. एका बाजूला एकाएकी जबर दुखतं, सूज येते, उलट्या होतात, कधी नुसतं ओटीपोट दुखतं. त्याचा रक्तपुरवठा बंद झालेला असतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो बहुधा वाचतो, उशीर झाला तर काढून टाकावा लागतो. अशा वेळी शेक, लेप, ओवा यात वेळ घालवायचा नाही, रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठायचं. पण मुळात मुलानं सांगायला तर हवं! 'तिथं' दुखतंय हे सांगायची लाज वाटून तो सकाळपर्यंत कळ काढत पडला तर? म्हणून आजच्या आज मुलाला एवढं वाक्य तरी ऐकवा: "तिथं दुखलं, लागलं, सुजलं किंवा कुणी हात लावला, तर रात्री बारालासुद्धा मला उठव. मी रागावणार नाही."

एका बैठकीत सगळं सांगायची गरज नाही. स्कूटरवर मागे बसलेला असताना, पाठशाळेतून परतताना, डोळ्याला डोळा न भिडता चार वाक्यं सहज बोलता येतात. शब्द सरळ वापरा, म्हणजे तोही वापरेल. त्याच्या आवाजावर चारचौघांत हसू नका. त्याची चादर एखाद्या दिवशी बदललेली दिसली तर चौकशी करू नका, कपाटात दोन जास्तीच्या चादरी त्याच्या हाताशी ठेवा. आणि लेकीला सांगताना जेवढं धीरानं सांगितलं, तेवढ्याच धीरानं त्यालाही सांगा. तोही आपल्याच पोटचा आहे.

जय जिनेंद्र.