सोडून आलेल्यांचं कोण ऐकतं?

ऑफिसात कुणी राजीनामा टाकला की एचआरवाले त्याची 'एक्झिट इंटरव्ह्यू' घेतात. का सोडताय, मॅनेजर कसा होता, काय बदलायला हवं, वगैरे वगैरे. तो फॉर्म पुढे कुणीही वाचत नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं, पण निदान विचारायची रीत तरी आहे. गेले दोन-तीन वीकेंड मी ज्यांची पुस्तकं आणि मुलाखती घेऊन बसलोय त्यांना जाताना असं कुणी काही विचारलं नव्हतं. कारण ही माणसं नोकरी नाही, गुरू सोडून आलेली आहेत.

सुरुवात झाली सायंटॉलॉजीपासून. एल. रॉन हबर्ड हा अमेरिकन विज्ञानकथालेखक. १९५० साली त्याने 'डायनेटिक्स' नावाचं मनावर उपचार करायचं पुस्तक काढलं, आणि दोन-चार वर्षांत त्याचा धर्म झाला. हातात दोन डबे धरायचे, त्याला एक मीटर जोडलेला, समोरचा माणूस प्रश्न विचारणार आणि तुम्ही आयुष्यातलं सगळं, म्हणजे अगदी सगळं, सांगणार. ते लिहून ठेवलं जातं. वरच्या पायरीवर जायचं तर पैसे, त्याच्या वरच्या पायरीला आणखी पैसे. पूर्णवेळ सेवेकरी एक अब्ज वर्षांच्या करारावर सही करतात. (आमचा तीन महिन्यांचा नोटिस पिरियड आठवून मला एकदम बरं वाटलं. :) )

जो सोडून जाऊन उघड बोलतो तो त्यांच्या भाषेत 'दमन करणारा' ठरतो आणि आत राहिलेल्या आईबापांनी, भावंडांनी त्याच्याशी संबंध तोडायचे असतात. बाहेर आलेले तरी असं सांगतात. संस्था म्हणते, आम्ही कुणावर सक्ती करत नाही. ली रेमिनी ही टीव्हीवरची नटी २०१३ मध्ये बाहेर पडली आणि २०१६ पासून तीन वर्षं तिने बाहेर आलेल्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं. तिच्या शेजारी बसायचा माइक रिंडर. हा माणूस मला सगळ्यात जास्त रंजक वाटला. कारण बाहेर आलेले लोक खोटं बोलतायत असं जगाला सांगणं हेच वर्षानुवर्षं त्याचं काम होतं! संस्थेचा मुख्य प्रवक्ता. २००७ मध्ये तो स्वतःच निघाला, आणि आधी तो इतरांबद्दल जे बोलायचा तेच त्याच्याबद्दल बोललं जायला लागलं. जानेवारी २०२५ मध्ये तो गेला.

आपल्या धंद्यात याला 'व्हेंडर लॉक-इन' म्हणतात. सुरुवातीला सगळं स्वस्त आणि सोपं असतं. मग तुमचा डेटा त्यांच्या फॉरमॅटमध्ये जातो, तुमची टीम त्यांचंच टूल शिकते, आणि पाच वर्षांनी कळतं की सिस्टिम वाईट आहे की चांगली हा प्रश्नच उरलेला नाही. बाहेर पडायचा खर्च किती, एवढाच प्रश्न आहे. इथे फक्त डेटा म्हणजे तुमची गुपितं, आणि टीम म्हणजे तुमची बायको-पोरं.

बरं, हे सगळं अमेरिकेतलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण माझ्या रोजच्या रस्त्यापासून फार लांब नाही असं पुण्याचं कोरेगाव पार्क आहे.

रजनीश १९७४ मध्ये मुंबईहून पुण्यात आले, १९८१ मध्ये अमेरिकेला गेले, १९८७ मध्ये परत आले आणि जानेवारी १९९० मध्ये तिथेच वारले. ओशो हे नाव शेवटच्या वर्षातलं. ऑरेगनमधला तो चौसष्ट हजार एकरांचा रँच, त्र्याण्णव रोल्स रॉइस, १९८४ साली एका गावातल्या हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये जंतू मिसळून ७५१ माणसं आजारी पाडली ते प्रकरण, हे सगळं २०१८ च्या 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'मुळे तुम्हाला माहीत असेल. ते सहा भाग बघून आपल्या बऱ्याच मित्रमंडळींना शीला भारी वाटली. टी-शर्ट छापायच्या लायकीची वगैरे. मला त्यातली लक्षात राहिली ती जेन स्टॉर्क.

ही ऑस्ट्रेलियन बाई नवरा आणि दोन मुलांना घेऊन सत्तरच्या दशकात पुण्यात आली, रँचवर गेली, आणि १९८५ मध्ये गुरूच्याच डॉक्टरला विषाची सुई टोचण्यापर्यंत पोचली. डॉक्टर वाचला. ती तुरुंगात गेली. पुढे 'ब्रेकिंग द स्पेल' हे पुस्तक तिने लिहिलं. शीला कॅमेऱ्यासमोर अजूनही लढत असते. जेन स्टॉर्क शांतपणे सांगते की मी हे केलं, आणि करताना मला ते बरोबर वाटत होतं. या शेवटच्या वाक्यासाठी ती मालिका बघावी.

तिच्या आधी बोलला ह्यू मिल्न. स्कॉटिश माणूस, १९७३ पासून रजनीशांबरोबर, त्यांचा अंगरक्षक. १९८६ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं आणि नावातच सांगून टाकलं की हा देव नापास झाला. त्याच्याही आधी रिचर्ड प्राइस. कॅलिफोर्नियातल्या एसालेन या प्रसिद्ध केंद्राच्या दोन संस्थापकांपैकी एक, रजनीशांकडून संन्यासनाव घेतलेला. पुण्यात येऊन त्याने इथले 'एन्काउंटर ग्रुप' बघितले, म्हणजे बंद खोलीत राग मोकळा करायचे प्रयोग, आणि तिथल्या मारहाणीचा निषेध करून परत गेला. हे जगातल्या दुसऱ्या कुणी नाही, असे ग्रुप स्वतः चालवणाऱ्याने म्हटलं होतं! पुढे आश्रमानेच ती हिंसा बंद केल्याचं जाहीर केलं.

आता गंमत बघा. त्याच वर्षांत पुणं काय म्हणत होतं? भगवे झगे घालून गोरे लोक रस्त्यात मिठ्या मारतात. संस्कृती बुडाली. १९८० मध्ये तर भर प्रवचनात एकाने सुरा फेकला. म्हणजे बाहेरच्यांची तक्रार मिठ्यांची, आणि आतून निघालेल्यांची तक्रार मारहाणीची, फुकट राबवण्याची, प्रश्न विचारला की 'तुझा अहंकार बोलतोय' हे ऐकण्याची, आणि मुलांची. दोन्ही तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एवढ्या गाजावाजात नेमकं जे विचारायला हवं होतं ते पुण्याने विचारलंच नाही.

मुलांचं तर सगळ्यात उशिरा बाहेर आलं. टिम गेस्ट लहानपणी आईच्या मागे इंग्लंड, पुणे, ऑरेगन असा फिरला. कम्यूनमध्ये मुलं वेगळी झोपायची, आया वेगळ्या. त्याचं 'माय लाइफ इन ऑरेंज' २००४ मध्ये आलं. ते रागाचं पुस्तक नाही. एक मुलगा आई शोधत फिरतोय एवढंच आहे, आणि म्हणून ते वाचवत नाही. मग २०२४ मध्ये 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' हा माहितीपट आला. त्याच्या दोन दिग्दर्शिकांपैकी एक स्वतः त्या कम्यूनमध्ये वाढलेली. त्यात आज पन्नाशीच्या आसपास पोचलेल्या बायका सांगतात की लहान असताना त्यांच्यावर तिथे लैंगिक अत्याचार झाले. म्हणजे चाळीस वर्षं. ज्यांनी स्वतः काही निवडलंच नव्हतं त्यांना बोलायला इतका वेळ लागला.

आता घरची गोष्ट. आमच्या धाराशिवची (तेव्हाचं उस्मानाबाद). माझे मामा अकरा वर्षं एका सत्संगात होते. नाव घेत नाही. मोठं नाव नाही, आणि तुमच्याही गावात असं एक असेलच. मामा शिक्षक, हिशोबाला पक्के, म्हणून केंद्राची वही त्यांच्याकडे. एकदा जमिनीसाठी गोळा केलेल्या पैशांची पावती जुळेना. त्यांनी विचारलं. कुणी ओरडलं नाही, कुणी हाकललं नाही. फक्त 'गुरुजी, तुमची साधना कमी पडायलीय' असं हसून सांगितलं, आणि पुढच्या गुरुवारी वही दुसऱ्याकडे गेली. मामांनी सहा महिने वाट बघितली आणि जाणं बंद केलं. विचारणाऱ्याला कारणही सांगायला लागले.

त्याच उन्हाळ्यात मामेबहिणीचं लग्न होतं. चारशे पानांचा स्वयंपाक, आणि पहिल्या पंगतीलाच कळलं की सत्संगातलं एकही घर आलेलं नाही. त्यात शेजारी आले, शाळेतले दोन सहकारी आले, आणि ज्या दुकानातून वीस वर्षं किराणा भरला तो दुकानदारही. दीडशे पानं उठली. उरलेली बुंदी मामी आठवडाभर गल्लीत वाटत होती. लक्षात घ्या, इथे कुठलाही अब्ज वर्षांचा करार नाही, मीटर नाही, लेखी फर्मान नाही. तालुक्याच्या गावात त्याची गरजच पडत नाही. किराणा, लग्न, मयत, ट्यूशन, सगळं त्याच शंभर घरांत.

आणि लोक म्हणाले काय? "पैशाचंच काहीतरी असंल. मास्तरनंच खाल्ले असतील."

हे उत्तर मला सगळीकडे सापडलं. मिल्न का बोलला? पद गेलं म्हणून. रिंडर का बोलला? काढलं म्हणून. ब्रायन विल्सन नावाच्या एका नामवंत ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने तर तसा लेखच लिहिलाय, की पंथ सोडलेल्यांच्या साक्षीवर अभ्यासकाने विसंबू नये, कारण त्यांना स्वतःच्या जुन्या वेडाचं समर्थन करायचं असतं. (तो लेख सायंटॉलॉजीच्याच प्रकाशनाने छापला, हे जाता जाता.) मुद्दा अगदीच पोकळ नाही. बाहेर आलेली माणसं काही साधुसंत नसतात. सायंटॉलॉजी सोडून बोलणारा सर्वांत नावाजलेला दिग्दर्शक पॉल हॅगिस, त्याला २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने बलात्काराच्या दिवाणी दाव्यात दोषी धरलं.

पण आपण बग रिपोर्टचं काय करतो? रिपोर्ट करणारा टेस्टर खडूस आहे, त्याला अप्रेझलमध्ये कमी रेटिंग मिळालंय, हे सगळं खरं असू शकतं. तरी आपण तो बग रिप्रोड्यूस होतो का तेच बघतो. इथे वेगवेगळ्या देशांतली, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं तोच बग सांगतायत. प्रश्न विचारला, दोष विचारणाऱ्याचाच निघाला, मग घरचे तुटले. पुण्यात, लॉस एंजेलिसमध्ये आणि आमच्या गल्लीत. अजून किती वेळा रिप्रोड्यूस व्हायला हवा?

आपल्याकडे तर हा रिपोर्ट देणं जिवावर बेततं. मार्च २०१३ आठवतोय? मराठवाड्यात भयंकर दुष्काळ, आमच्याकडे टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा, आणि आसाराम नागपूर आणि नवी मुंबईत भक्तांवर पाण्याचे फवारे उडवून होळी खेळत होते. तेव्हा गावात पहिल्यांदा त्यांच्याविरुद्ध बोललेलं मी ऐकलं. पण पाण्यावरून बोलायला काय जातं? अमृत प्रजापती हे त्यांचे जुने वैद्य, अनेक वर्षं आत राहून बाहेर पडलेले. ते पाण्याबद्दल नाही, आश्रमात काय चालतं त्याबद्दल बोलत होते, आणि खटल्यात साक्षीदार होते. मे २०१४ मध्ये राजकोटला त्यांच्यावर गोळी झाडली, जूनमध्ये ते गेले. जानेवारी २०१५ मध्ये आसारामांचा जुना आचारी अखिल गुप्ता मारला गेला, तोही साक्षीदार. आसारामांना जन्मठेप झाली ती एप्रिल २०१८ मध्ये.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. चांगला कायदा आहे, तो असायलाच हवा होता. पण भूत उतरवायला मारहाण केली, चमत्काराच्या नावाने फसवलं, दैवी शक्तीचा धाक दाखवून शोषण केलं, तर तो लागू होतो. 'तुमची साधना कमी पडली' म्हणून वही काढून घेतली, आणि लग्नाला अडीचशे माणसं आली नाहीत, याला कुठलं कलम लावणार?

मामांना मागच्या महिन्यात फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या इंग्लंडच्या पोराला आई भेटली का शेवटी?" भेटली, म्हटलं. परत एकत्र राहिले, आईने त्याच्याशी त्या सगळ्याबद्दल मोकळेपणाने बोलायचा प्रयत्नही केला. "मग बरं झालं," म्हणाले. थोडं थांबून, "तू काय करायलास या असल्या गोष्टी वाचून? जेवलास का?"

आणि माझी आई? ती अजून त्याच सत्संगात जाते. दर गुरुवारी, चुकवत नाही. मामांचं म्हणणं तिला पटलं की नाही हे मी कधी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिला तिथल्या एका ताईंनी दोनदा सुचवलं होतं की 'भावाकडे जाणं जरा कमी करा'. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती कुंथलगिरीचा किलोभर पेढा घेऊन सकाळी आठलाच मामांच्या दारात हजर होती. त्यातला पावशेर तिने येताना त्या ताईंच्या घरी दिला, आणि कुठून आला तेही सांगितलं.